‘जरा सांभाळून घे’ म्हणण्याआधी तिला सरळ विचारा

रानजाई (धागाकर्ती)

लग्न झालेली मुलगी माहेरी फोन करून रडली की पहिला प्रश्न येतो, "काय झालं तुमच्यात?" मग "सासूबाई काही बोलल्या का?", मग "पोरं कुठायत?" आणि शेवटी "बरं, जरा सांभाळून घे, होईल सगळं नीट." या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही: "तुला जगणं नकोसं झालंय का गं? मरून जावं असं मनात येतं का?" हा धागा त्या प्रश्नासाठी काढला आहे.

मी तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशक आहे. पोलीस ठाण्याच्या आवारात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष असतो, तिथे बसते. (टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर १९८४ साली असा पहिला कक्ष सुरू केला, आता ते राज्यभर आहेत. पुष्कळांना हे माहीत नसतं म्हणून लिहिलं.) इथे लिहिताना कुणाचीही ओळख पटेल असं काही देणार नाही.

आमच्यापर्यंत पोचलेल्या बहुतेक बायकांच्या घरात आधी एखादी तरी बैठक झालेली असते. दोन्हीकडचे मामा, थोरले दीर, गावातले कुणी मानाचे, लग्न जमवणारे मध्यस्थ. सतरंजीवर पुरुष, स्वयंपाकघराच्या दाराशी बायका, आणि जिच्याबद्दल बैठक आहे ती चहा करत असते. कोण कुणाला काय बोललं याचा हिशेब होतो. जावई "पुन्हा असं होणार नाही" म्हणतो. कधीकधी कागदावर लिहूनही देतो. संध्याकाळी तिची पिशवी भरली जाते आणि ती परत जाते. ती अनेक आठवडे झोपलेली नाही, तिला घास गिळत नाही, मुलीचा डबा भरता भरता ती तशीच उभी राहते, हे त्या बैठकीत येतच नाही. ते तक्रारीत बसत नाही ना!

संसार टिकवायचा की मोडायचा हा प्रश्न मोठा आहे, पण तो नंतरचा आहे. आधी बाई जगली पाहिजे. दोन्ही गोष्टी आपण एकाच बैठकीत सोडवायला जातो आणि त्यात तिच्या जिवाचा विषय मागे पडतो.

थोडे आकडे देते, कारण "हल्लीच्या मुलींना सहनशक्ती नाही" हे वाक्य मला रोज ऐकावं लागतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात आत्महत्येने मरण पावलेल्या ४५,०२६ स्त्रियांची नोंद आहे. त्यातल्या २३,१७८ गृहिणी, म्हणजे निम्म्याहून जास्त. एकूण आत्महत्यांत त्या वर्षी महाराष्ट्र देशात पहिला होता. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात २०१८ साली एक मोठा अभ्यास आला. त्यानुसार २०१६ मध्ये जगभरात आत्महत्येने गेलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के एकट्या भारतातल्या होत्या. १९९० मध्ये हा वाटा २५.३ टक्के होता. आणि भारतात या स्त्रियांमध्ये सर्वात मोठा वाटा विवाहितांचा. लग्नाने माणसाला आधार मिळतो असं सगळीकडे धरून चालतात. आपल्याकडे बाईच्या बाबतीत ते धरून चालता येत नाही.

दुसरा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा, २०१९-२१ चा. मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के. ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. त्यामुळे "तसं काही असतं तर ती बोललीच असती" हे आईवडिलांचं म्हणणं खरं धरू नका.

आता त्या प्रश्नाबद्दल. "असं विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेलं शिरेल" ही भीती जवळजवळ सगळ्यांना असते. तसं होत नाही. आत्महत्या प्रतिबंधाच्या कामात जगभर हेच शिकवलं जातं की सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. ती एकटी असताना विचारा, नवरा किंवा सासू शेजारी असताना नको. शब्द गुळमुळीत नकोत. "काही वेडंवाकडं नाही ना करणार तू?" असं विचारलं की ती "नाही" म्हणणारच, कारण तुम्हाला तेच ऐकायचंय हे तिला कळतं. "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारा. ती "हो" म्हणाली तर शपथा घालू नका, पोरांची आण देऊ नका. ऐका. तिला एकटीला सोडू नका. घरातली औषधं, शेतीची औषधं, जे काही घातक असेल ते दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात जाऊ दे. आणि त्याच दिवशी मदत गाठा. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२.

तुमचे अनुभव लिहा. कुणी कसा प्रयत्न केला याचं वर्णन मात्र कृपया करू नका, ते वाचून आधीच काठावर असलेल्या माणसाला त्रास होतो.

निशिगंध

मी सरकारी रुग्णालयात अपघात विभागात परिचारिका आहे. रानजाईताई, तुम्ही बैठकीचं लिहिलंत, मी खाटेजवळचं लिहिते.

बाई दाखल झाली की सोबतच्यांचं पहिलं वाक्य असतं, "चुकून झालं." तीही तेच सांगते. सासू उशाशी, नवरा पायाशी, आणि डॉक्टर विचारणार "काय झालं?" काय सांगेल ती? आमच्या एका ज्येष्ठ सिस्टरनी मला एक रीत शिकवली. नातेवाइकांपैकी एकाला केसपेपर काढायला धाडायचं, दुसऱ्याला औषधाची चिठ्ठी देऊन मेडिकलात. पडदा ओढायचा, नाडी बघायच्या निमित्ताने हात हातात घ्यायचा आणि मग हळू आवाजात विचारायचं. तेवढ्या वेळात बायका बोलतात. सगळ्याच नाही, पण बोलतात.

दुसरी भीती पोलिसांची. "माझ्यावरच केस होईल" म्हणून कितीतरी जणी खरं लपवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा करायची नाही, आणि उपचार आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारची आहे. पोलीस नोंद होते ती होते, पण ती तिला गुन्हेगार ठरवायला नसते. हे मी आता प्रत्येकीला आधी सांगते, मग प्रश्न विचारते.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्था आणि महापालिकेने मिळून २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, ते याच विचाराने. मार खाल्लेली किंवा जीव द्यायला निघालेली बाई पोलिसांकडे जाईल न जाईल, दवाखान्यात येतेच. तिथेच तिच्याशी बोलणारं कुणीतरी हवं. असं केंद्र प्रत्येक जिल्हा रुग्णालयात नीट चालावं असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे टाके घालून, सलाइन संपलं की डिस्चार्ज. आणि खरा धोका तर घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडे असतो. तेव्हा कुणीच नसतं तिच्याजवळ.

कृष्णाकाठ

धागा महत्त्वाचा आहे, पण एक गोष्ट मांडतो. त्याच २०२१ च्या अहवालात पुरुष १,१८,९७९ आहेत. स्त्रियांच्या अडीच पटीहून जास्त. पुरुषांबद्दल कोण बोलणार? माझा जवळचा मित्र गेला आहे, म्हणून विचारतोय, वाद घालायला नाही.

रानजाई

दादा, मित्राबद्दल वाईट वाटलं. आकडा बरोबर आहे, आणि पुरुषांसाठी वेगळा धागा हवाच. तुम्ही काढलात तर मी लिहीन तिथे. पुरुष बहुतेक ठिकाणी जास्तच असतात. पण भारतातल्या स्त्रियांचं प्रमाण जगातल्या इतर स्त्रियांच्या तुलनेत फार जास्त आहे, आणि त्याचं मूळ घरात आहे. पुरुष दारूच्या, कर्जाच्या कारणाने कुठेतरी दिसतो तरी, त्याच्याबद्दल चार लोक बोलतात. बाईचा त्रास घराच्या आतच राहतो. माझा सरळ प्रश्न मात्र पुरुषांनाही तितकाच लागू आहे. १४४१६ सगळ्यांसाठी आहे.

अबोली_म्हापसा

मारहाण नाही, सासू चांगली, नवरा समजूतदार, तरीही बाई कोसळते, असंही असतं. बाळंतपणानंतर विशेष. आमच्या गोव्यात या विषयावर फार मोलाचं काम झालंय. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या गरोदर बायकांचा पाठपुरावा केला, तो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. त्यातल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच ढासळलेलं होतं. आणि निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही बऱ्या नव्हत्या. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं, आणि मुलगी झाली, या गोष्टींनी धोका वाढत होता.

बाळंतिणीला आपण डिंकाचे लाडू देतो, शेक देतो, मालिश करतो. बाळाचं वजन दर महिन्याला होतं. तिला मात्र "एवढं गोंडस बाळ आहे आणि रडतेस काय?" आशाताई घरी येतात तेव्हा त्यांनी दोन प्रश्न आईच्या मनाबद्दल विचारले तरी किती जणी वेळेत सापडतील. बाळंतपणानंतरचं नैराश्य औषधांनी आणि बोलण्याने बरं होतं. स्तनपान चालू असतानाही चालणारी औषधं असतात, डॉक्टर बघून देतात. हे कळलं नाही म्हणून कुणाचा जीव जाऊ नये.

मिहिका_पुणे

लग्न न करता एकत्र राहणाऱ्या मुलींबद्दल कुणी बोलत नाही. माझी मैत्रीण एका मुलाबरोबर राहत होती. फोनचा पासवर्ड त्याच्याकडे, पगार कुठे जातो त्याचा हिशेब रोज, ऑफिसच्या पार्टीला गेली की रात्रभर जाब. घरी सांगायची सोय नाही, कारण घरच्यांना ती होस्टेलवर आहे असंच माहीत. विवाहितेला माहेर "परत जा" तरी म्हणतं, हिच्याकडे माहेरच उरलं नव्हतं. तिची एक जुनी रूममेट दर दोन दिवसांनी काही न विचारता जेवायला बोलवायची, त्यावर ती तगली. पुढे एकदा जेवताना तिने रूममेटला सगळं सांगितलं.

पाऊलवाट

वकील आहे, कौटुंबिक न्यायालयात काम करते. मिहिका, कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही लागू होतो. तुमच्या मैत्रिणीला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

इतरांसाठी थोडं. "हात उचललेला नाही, मग केस कसली?" असं बायका स्वतःच म्हणतात. सासरच्या छळाविरुद्धचं जुनं कलम ४९८अ, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६. त्यात क्रूरतेची जी व्याख्या आहे तिच्यात स्त्रीला आत्महत्येकडे ढकलेल किंवा तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा करेल असं वागणं स्पष्ट लिहिलेलं आहे. मानसिक आरोग्य हा शब्द कायद्यात आहे.

दुसरं, मनोविकारतज्ज्ञाकडे गेलं तर "वेडी ठरवून घटस्फोट देतील, मुलं काढून घेतील" ही भीती. ही भीती बायकांना औषधापासून लांब ठेवते, म्हणून स्पष्ट लिहिते. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहे, पण आजाराचं नाव सांगून भागत नाही. एकत्र राहणं अपेक्षितच धरता येणार नाही इतका तो गंभीर असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच हे एका निकालात सांगितलं आहे, आणि तिथे आजार स्किझोफ्रेनियाचा होता. नैराश्याची गोळी घेणारी बाई त्यात कुठेच बसत नाही. तिच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं हा २०१७ च्या कायद्याने तिला दिलेला हक्क आहे.

आणि एक जुनी गोष्ट, कारण पुण्यातल्या आमच्या पिढीला ती विसरता येत नाही. १९८२ साली मंजुश्री सारडा ही तरुण मुलगी लग्नानंतर काही महिन्यांतच गेली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी नवऱ्याला खुनासाठी दोषी धरलं, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं खटल्यात पुरावा म्हणून आली. तिचं मन किती खचलं होतं हे त्यात होतं, आणि त्यावरूनच आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही असं न्यायालयाने म्हटलं. मंजुश्री गेली त्याच वर्षी, १९८२ मध्ये, विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी ‘नारी समता मंच’ उभा केला. मला निकालाइतकंच त्या पत्रांबद्दल वाटतं. मुली लिहितात, सांगतात. तेव्हा पत्र होतं, आता व्हॉट्सअ‍ॅपवर मध्यरात्री आलेला आणि सकाळी ‘डिलीट’ केलेला मेसेज असतो. असा मेसेज दिसला की सकाळची वाट बघू नका, तेव्हाच फोन करा.

पाहुणी२४

नवीन आहे इथे. लॉगिन आजच काढलं. माझा नवरा मारत नाही, दारू पीत नाही. बोलत नाही. महिनोन्‌महिने. ताट वाढलं की जेवतो, उठतो. मुलगा पाचवीत आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, मारत नाही ना, मग नशीब समज. रोज सकाळी जाग आली की वाटतं, उठायलाच नको होतं. हे तुम्ही म्हणता त्यात मोडतं का, की मीच जास्त विचार करते?

रानजाई

पाहुणी, तू जास्त विचार करत नाहीयेस. महिनोन्‌महिने कुणी आपल्याशी बोलत नसेल तर कुणाचंही मन खचतं. तुला सरळ विचारते. जीव द्यावा असं मनात येतं का? काही ठरवलं आहेस का? आत्ता घरात तुझ्याबरोबर कोण आहे?

पाहुणी२४

येतं. ठरवलेलं नाही काही. मुलगा झोपलाय. हे आतल्या खोलीत. फोन करायचा तर आवाज जातो.

रानजाई

लिहिलंस ते फार चांगलं केलंस. मी इथेच आहे. शेजारी, ओळखीत अशी कुणी आहे का, जिच्या घरी उद्या सकाळी जाऊन तासभर बसता येईल? तिथून १४४१६ लाव, मराठीचा पर्याय निवड. नाव सांगायची सक्ती नाही. रात्रीत मनातलं वाढलं, आवरेनासं झालं, तर आवाज गेला तरी चालेल, लगेच लाव, किंवा ११२. आणि मुलाजवळ झोप आज, एकटी नको.

निशिगंध

पाहुणी, मी आज रात्रपाळीला आहे. जेवढं जमेल तेवढं लिहीत राहा इथे. एक ओळ लिहिलीस तरी पुरे.

पाहुणी२४

वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडून फोन केला सकाळी. पलीकडे एक बाई होत्या, बराच वेळ बोलल्या. बरं वाटलं असं नाही म्हणणार. पण कुणीतरी विचारलं की जेवलीस का, आणि मला रडू आलं. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागात जायला सांगितलंय. वहिनी येते म्हणाल्या सोबत. त्यांना सगळं नाही सांगितलं, झोप येत नाही एवढंच.

निशिगंध

एवढंही पुरतं. केसपेपर काढताना खिडकीवर कारण विचारतील, "झोप येत नाही" इतकंच सांग. बाकीचं डॉक्टरांना, आत. जीव द्यावासा वाटतो हे त्यांना नक्की सांग, ते लपवू नकोस. औषध लागू पडायला दोन-चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून बंद करू नकोस.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहिते. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या मुलींची अवस्था इथे फार बिकट होते. पुष्कळदा काम करायची परवानगी नसते, बँकेचं खातं त्याच्या नावावर, गाडी येत नाही, बाहेर बर्फ. घरी फोन केला तर तिकडे रात्र. आणि आईबाबांना वाटतं मुलगी अमेरिकेत सुखात आहे, त्यांचा आनंद मोडायला जिवावर येतं. इथे ९८८ हा क्रमांक आहे, अशा विचारांसाठीच, फोन किंवा मेसेज दोन्ही चालतं. न्यू जर्सीत ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करते. व्हिसा जाईल या धमकीला घाबरून गप्प बसणाऱ्या मुलींनी आधी अशा संस्थेशी बोलावं, कारण हिंसा सोसणाऱ्यांसाठी इथल्या कायद्यात वेगळ्या तरतुदी आहेत आणि नवरा त्या कधीच सांगणार नाही.

आप्पा_मिरज

मी निवृत्त शिक्षक. तीन दिवस हा धागा वाचतो आहे. धाकटी मुलगी सासरी आहे. दिवाळीला आली तेव्हा बारीक झालेली दिसली. परवा तिने आईचे दागिने, जे तिच्याकडे होते, परत पाठवले, "तुमच्याकडे असू देत" म्हणून. पूर्वी रोज रडत फोन करायची, आता एकदम शांत बोलते. आम्हाला वाटलं निवळलं. जावई म्हणतात रविवारी बसून सगळं बोलून टाकू. काय करावं?

रानजाई

आप्पा, रविवारची वाट बघू नका. बरेच दिवस रडणारं माणूस अचानक शांत होणं आणि जवळच्या वस्तू देऊन टाकणं, ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली की ती गंभीर धरायची. कदाचित तसं काही नसेलही, पण ते तिला विचारूनच कळेल. आजच फोन करा, तिच्याजवळ घरात कुणी विश्वासाचं असेल तर त्यांना सांगा तिला एकटीला सोडू नका, आणि तुम्ही दोघं आजच निघा. जावयांना "मुलीची तब्येत बरी नाही, तिला नेतोय" एवढंच सांगा, भांडण नको. ती समोर आली की आईने तिला बाजूला घेऊन विचारावं, मी वर लिहिलंय त्याच शब्दांत. "हो" म्हणाली तर घाबरून ओरडू नका. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ, नाहीतर थेट सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग. तुम्ही तिला परत कधी पाठवणार हा विषय सध्या कुणी काढायचा नाही, नातेवाइकांनीही नाही. ती बरी झाली की तो निर्णय ती घेईल.

आप्पा_मिरज

निघतोय. हिने तिला फोन लावला आहे, बोलणं चालू आहे.

पाऊलवाट

आप्पा, मुलीची आणि तिच्या पोरांची कागदपत्रं हाताशी असली तर घ्या: आधार, शाळेचे दाखले, बँकेचं पासबुक, जुने औषधांचे कागद. नाही मिळाली तर त्यासाठी थांबू नका, ती नंतर मागता येतात. तिने घर सोडलं म्हणून सासरच्या घरातला राहण्याचा तिचा हक्क संपत नाही. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते तिचं राहतं घर ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. कुणी "गेलीस तर परत पाय ठेवू नकोस" म्हणालं तर घाबरायचं कारण नाही. वकिलाच्या फीची काळजी करू नका. स्त्रियांना मिळकत कितीही असली तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, क्रमांक १५१००. पण ते सगळं पुढच्या आठवड्यात. आज फक्त तिला गाठा.